पास झालेलं पिस्तूल

मी पिस्तूल बोलतोय, नंबर सात. घाबरू नका, माझ्या पोटात गोळी नाही आणि आता चाप ओढला तरी काही होणार नाही. अणदूरच्या माळावर रिसाल्याचा, म्हणजे घोडेस्वार पलटणीचा, तळ आहे. त्या तळाच्या शिलेखान्यात, हत्यारं ठेवायच्या खोलीत, वरच्या फळीवर एका पेटीत मी पडून असतो.

आयुष्यात मी एकाही माणसावर चाललो नाही. तरी माझ्यामुळं एका भल्या माणसाचा उजवा हात गेला. कसा गेला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म बेचाळीस सालचा. तिकडं मोठी लढाई पेटली होती आणि विलायतेहून रिव्हॉल्व्हरं यायची थांबली होती. रिसाल्यातली जुनी रिव्हॉल्व्हरं इतकी खिळखिळी झालेली की, घोडं दौडायला लागलं की जमादारांच्या कमरेला खुळखुळ्यासारखी वाजायची. तेव्हा हैदराबादकडच्या एका लहानशा कारखान्यानं सरकारला अर्ज केला, असलं हत्यार आम्ही इथंच बनवून देतो म्हणून. मुदत मिळाली तीन महिन्यांची. तेवढ्यात त्यांनी बारा नमुने उभे केले. वरून आम्ही आरशासारखे चकचकीत होतो. खोट होती ती आत.

खोट तशी एवढीशीच. माझ्या दस्त्यात, म्हणजे मुठीत, गोळ्यांची पेटी बसते. एक बार उडाला की पेटीतलं पुढचं काडतूस वर येतं, एका छोट्या पोलादी चढणीवरून सरकतं आणि नळीत जाऊन बसतं. ती चढण आमच्यात केसभर जास्त उभी झाली होती आणि घाईघाईत तिच्यावर कानशीचे ओरखडे तसेच राहिले होते. हत्यार स्वच्छ आणि थंड असलं की चालून जायचं. धूळ बसली, नळी तापली, की काडतुसाचं नाक त्या ओरखड्यांवर अडायचं. मग माणूस चाप ओढतोय आणि मी आपला ढिम्म.

आमची पेटी दसऱ्याच्या आधी आठ दिवस अणदूरला आली. ती उघडली गफार मिस्तरींनी. मिस्तरी बेंबळीचे, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं बुटके, पण मनगटं पैलवानाची. तीस वर्षं रिसाल्याची हत्यारं दुरुस्त करत होते. त्यांची बायको शरिफाबी म्हणायची की हा माणूस घरात दोन शब्द बोलत नाही आणि बंदुकीपुढं मात्र तोंड बंद होत नाही. तिचं खरंच होतं. काम करताना ते हातातल्या हत्याराशी पुटपुटत राहायचे. मला जे ठाऊक आहे त्यातलं निम्मं त्या पुटपुटण्यातूनच कळलेलं.

हत्यार हातात आलं की माणूस आधी ताठ होतो, मग एक डोळा मिटतो. मिस्तरी दोन्ही डोळे मिटायचे आणि वस्तूच्या कडांवरून, खाचांतून करंगळी फिरवायचे. कुठं खरखर लागली की त्यांना चैन पडायची नाही. तलवारीची मूठ असो नाहीतर दाराची कडी, खरखर घालवल्याशिवाय वस्तू हातावेगळी करायची नाही, हे त्यांच्या उस्तादानं त्यांच्या अंगात मुरवलं होतं.

शिलेखान्याची किल्ली असायची रेवणसिद्ध जमादाराकडं. हा सास्तूरचा. उंचापुरा, हसरा, कपाळावर भस्माचे पट्टे. किल्ली कमरेला असली की त्याची चाल बदलायची. आम्हां हत्यारांना तो घरच्या जनावरांसारखं जपायचा.

खांडेनवमीला शिलेखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. रीत जुनी होती, कधी कुणी हरकत घेतली नव्हती. तलवारी, भाले, बंदुका भिंतीशी ओळीनं मांडायच्या आणि रेवणसिद्धानं न्हाऊन येऊन एकेकाला हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. मुसलमान स्वारसुद्धा आपापली तलवार पुसून हळूच पुढं सरकवायचे, आपलीच तेवढी राहून जायला नको म्हणून. त्या वर्षी ओळीत आम्ही बारा नवे होतो. मिस्तरींनी त्याला बजावलं की वरून लाव, आत जाऊ देऊ नको. त्यानं तसंच केलं. आमच्या पाठीवर कुंकवाचं एकेक बोट ओढलं आणि संध्याकाळी मऊ फडक्यानं पुसूनही घेतलं. पाठीवरच्या खाचेत थोडी लाली राहिली, तेवढीच. आत कणभरही गेलं नव्हतं. ही साक्ष माझ्याइतकी पक्की दुसरं कोण देणार?

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी माझी परीक्षा झाली. हैदराबादहून तीन साहेब आले होते. बारांतून त्यांनी मलाच उचललं. दोनशे बार काढायचे, दर पन्नासाला मला माळाच्या मातीत लोळवायचं आणि मध्ये पुसायचं नाही, अशी अट. बाजूला तळाचे कप्तान जाफरसाहेब उभे होते. हत्यार पक्कं आहे असा शब्द त्यांनी हैदराबादेत आधीच देऊन ठेवला होता.

पहिले पन्नास बार मी झोकात काढले. मग मातीत लोळलो, आणि तिथून पुढं माझं घोडं अडलं ते अडलंच. दर चार-सहा बारांनी काडतूस तोंडाशी अडकायचं. मिस्तरी ते काढून द्यायचे, पुन्हा तेच. एकशेवीस बार होईपर्यंत मी चौदा वेळा अडलो. हैदराबादचे साहेब एकमेकांकडं बघायला लागले. जाफरसाहेबांचा चेहरा पार उतरला.

त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं, खिशातला पांढरा रुमाल काढून पुसलं. रुमालावर लाल रेघ उमटली.

कारण सापडलं की माणसांना किती हलकं वाटतं ते मी त्या दिवशी पाहिलं. सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं एकदम उतरलं. साहेब लोक हसलेसुद्धा. रेवणसिद्धाला हाक गेली. तो धावत आला, रुमाल बघितला आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला, “हुजूर, म्याच लावलं व्हतं.”

मिस्तरींच्या मुठीत तेव्हा ती चौदा काडतुसं होती. प्रत्येकाच्या नाकावर एकाच जागी एकसारखा ओरखडा. ते काय समजायचं ते केव्हाच समजले होते. एका साहेबानं त्यांना विचारलं की कुंकवानं पिस्तूल अडू शकतं का. मिस्तरींनी जाफरसाहेबांकडं पाहिलं. मग म्हणाले, “कुंकू तेलात कालवलं तर चिकटतंच, साहेब.”

या वाक्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच फार वाईट झालं. विचारलं होतं माझ्याबद्दल आणि उत्तर मिळालं कुंकवाबद्दल. मिस्तरी काही लालचीनं बोलले नाहीत. ज्याचं मीठ खाल्लं तो साहेब परक्यांपुढं तोंडघशी पडतोय, त्याला सावरावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. रेवणसिद्धाला चार शिव्या बसतील, त्यापेक्षा जास्त काय होणार, असं त्यांनी नंतर माझ्याजवळ कितीदा तरी बोलून दाखवलं.

मला साफ करून दोन दिवसांनी पुन्हा परीक्षा घ्यायची ठरलं. मिस्तरींनी मला उघडलं. डोळे मिटून त्या चढणीवर करंगळी ठेवली आणि ती तिथंच थांबली. जमादाराचा दोष नाही, दोष इथं आहे, असं ते स्वतःशीच म्हणाले. तेव्हाच उठून साहेबांकडं जायला हवं होतं. पण हाताखाली खरखर आणि समोर बारीक दगड, तेलाची वाटी. सवय उठू देईना. दिवसभर ते ती चढण घासत बसले. इतक्या मायेनं मला कारखान्यातही कुणी हाताळलं नव्हतं. ओरखडे गेले, चढ मवाळ झाला. खोटं सांगत नाही, मला फार सुख वाटलं.

दुसऱ्या परीक्षेत मी दोनशे बार काढले. मातीत लोळवलं, उन्हात तापवलं, एकदाही अडलो नाही. साहेबांनी पाठ थोपटली ती माझी. माझ्या दस्त्याला लाखेची मोहोर लागली, हाच मंजूर नमुना म्हणून. मिस्तरींना फेटा मिळाला. रेवणसिद्धाची शिलेखान्याची किल्ली काढून घेतली आणि त्याला गस्तीच्या तुकडीत टाकलं. किल्ली देताना तो मिस्तरींना म्हणाला की चूक माझीच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि मी, मोहोर लागलेला, फळीवर बसून स्वतःवर खूश होतो. आज आठवलं की लाज वाटते.

पास झालो मी एकटा. चढण घासली गेली ती माझी एकट्याची. कारखान्यानं मात्र आपल्या मूळ मापानं तीनशे पिस्तुलं केली, तशीच उभ्या चढणीची, तशीच ओरखड्यांची. तिथं करंगळी फिरवणारं कुणी नव्हतं.

मिस्तरींनी कारखान्याला लिहायला कागद घेतला होता. चढण घासून घ्या, एवढंच कळवायचं. पण कळवलं की विचारणार, तुम्हाला कसं कळलं, नमुना तर सरळ पास झाला होता. मग नमुन्याला हात लावल्याचं कबूल करावं लागणार. कागद घडी होऊन अवजारांच्या खणात गेला. आज लिहू, उद्या लिहू करत तीनशे पिस्तुलं तयार झाली आणि त्यातली साठ तळावर येऊन जमादार-हवालदारांच्या कमरेला लागलीसुद्धा.

मग मिस्तरींनी आणखी एक चूक केली, तीही चांगुलपणानंच. ज्याचं पिस्तूल अडायचं तो तक्रार घेऊन त्यांच्याकडं यायचा. ते काही न बोलता त्याची चढण घासून द्यायचे. तो खूश होऊन जायचा. अशी दहा-बारा तरी घासली असतील. त्यामुळं झालं काय, तक्रार वर पोचलीच नाही. जाफरसाहेबांच्या दप्तरी आम्ही निर्दोषच राहिलो.

ज्यानं तक्रारच केली नाही, त्याचं पिस्तूल तसंच राहिलं.

चव्वेचाळीसच्या दसऱ्यानंतर आठवड्याभरात तुळजापूरच्या घाटात दरोडेखोरांची टोळी गस्तीच्या हाताला लागली. रेवणसिद्ध सगळ्यांत पुढं होता. एकजण कोयता घेऊन त्याच्या अंगावर आला. रेवणसिद्धानं पहिला बार हवेत काढला, भिऊन थांबेल म्हणून. तो थांबला नाही. दुसऱ्यांदा चाप ओढला तर पिस्तूल अडलेलं. एकशे बारा नंबर, माझंच भावंड. साथीदार पोचेपर्यंत कोयता त्याच्या उजव्या मनगटावर बसला होता. जीव वाचला, हात सोलापूरच्या दवाखान्यात काढावा लागला.

चौकशी झाली. खाटेवर पडल्या पडल्या रेवणसिद्धानं आपणहून सांगितलं की खांडेनवमीला मी पिस्तुलाला टिळा लावला होता, रीत मोडवेना म्हणून लावला. झालं. कागदावर पुन्हा कुंकू आलं आणि कागद बंद झाला. मिस्तरींना या वेळी कुणी काही विचारलंच नाही. एकशे बारा नंबर शिलेखान्यात जमा झालं. त्यांनी ते उघडलं, करंगळी घातली आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्या दिवसापासून त्यांचं पुटपुटणं थांबलं.

त्यानंतर दीड वर्षानं, फाल्गुनात, रेवणसिद्ध पेन्शनीच्या कागदावर अंगठा द्यायला तळावर आला. काम झाल्यावर तो मिस्तरींकडं आला. बाही रिकामी, कपाळ मोकळं. मिस्तरींनी त्याला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. वैशाखात थोरल्या लेकीचं लग्न आहे, असं तो सांगू लागला. मांडव चुलता घालील, पत्रिकांना कुंकूही चुलताच लावील. हात गेल्यापासून आपण कुंकवाला शिवलेलो नाही, खांडेनवमीला घरच्या नांगराचीसुद्धा पूजा बंद केलीय. आपल्या हातचं कुंकू बाधतं. लेकीच्या लग्नात आपण लांब उभं राहायचं, असं बायकोला सांगून ठेवलंय. हे सगळं तो शांतपणे सांगत होता, दुसऱ्या कुणाची तरी हकिकत सांगावी तसं.

मग म्हणाला, “मिस्तरी, त्ये पैलं पिस्तूल हाय न्हवं? त्याची माफी मागायची हाय. चांगल्या हत्याराला माझ्यामुळं बट्टा लागला.”

मिस्तरींनी मला खाली काढलं. रेवणसिद्धानं डाव्या हातानं मला शिवून तो हात कपाळाला लावला. तेव्हा मला वाटलं, आत्ताच्या आत्ता भट्टीत टाकून मला वितळवावं.

मग मिस्तरींनी एकशे बारा नंबरही आणलं, दोघांनाही उघडलं आणि त्याच्यापुढं धरलं. “रेवणसिद्धा, हितं करंगळी घाल. आता ह्या दुसऱ्यात घाल.”

त्यानं घातली. पुन्हा माझ्यात घातली, पुन्हा त्याच्यात. “हे गुळगुळीत हाय. ह्येच्यात खरखर लागती.”

“सात नंबर म्या घासलाय. दुसऱ्या परीक्षेच्या आदी. बाकीच्यास्नी कुणी घासलं न्हाय. कुंकवाचा काय बी दोष न्हवता. मला त्या दिशीच ठावं व्हतं.”

बाहेर घोड्यांना पाणी पाजत होते, त्यांच्या फुरफुरण्याचा आवाज येत होता. रेवणसिद्धाची करंगळी अजून एकशे बारा नंबरात होती. तो सावकाश म्हणाला, “घाटाच्या आदी दोनदा अडलं व्हतं त्ये. म्या कुणाला बोललो न्हाय. म्हणलं, आपल्याच हातचं पाप हाय.”

मिस्तरी खाली बसले. त्यांनी त्याच्या पायाकडं हात नेला. त्यानं पाय मागं घेतला.

“अजून किती जणांकडं हायत असली?” त्यानं विचारलं.

“तळावर पंचेचाळीस-एक. बाकीची भायेर.”

“मग उठा. सायबाकडं चला.”

मिस्तरी माफीचं काहीतरी बोलू लागले. त्यानं मध्येच थांबवलं. “त्ये मला देता येईल असं वाटत न्हाय, मिस्तरी. तुमी आदी उठा.”

आम्हां दोघांना फडक्यात गुंडाळून ते जाफरसाहेबांपुढं गेले. मिस्तरींनी सगळं सांगितलं, मुठीतली चौदा काडतुसंही वगळली नाहीत. साहेब आधी भडकले, मग दार लावून घेतलं, मग समजुतीच्या सुरात म्हणू लागले की झालं ते झालं, आता उकरून कुणाचं भलं होणार. रेवणसिद्धानं बाही वर सारली आणि तुटका हात साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी दार उघडलं आणि हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवशी जमादारांच्या कमरेची कुठलीही पाच पिस्तुलं काढून माळावर नेली. मातीत लोळवून चालवली. चार अडली. त्या संध्याकाळी साहेबांनी हैदराबादला लिहिलं, आणि त्यांच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की त्यात स्वतःचं नावही घातलं. महिन्याभरात तीनशेच्या तीनशे पिस्तुलं परत गेली आणि जुनी रिव्हॉल्व्हरं पुन्हा जमादारांच्या कमरेला वाजू लागली. मिस्तरींना कामावरून काढलं. नवा मिस्तरी येईपर्यंत, वैशाखअखेर, तेवढं थांबायला सांगितलं.

शेवटच्या दिवशी ते आपली अवजारं गोळा करत होते. सास्तूरचा सोमलिंग नावाचा एक स्वार रजेवरून परतला होता, तो लगाम दुरुस्तीला घेऊन आला. मिस्तरींनी त्याला लग्न कसं झालं ते विचारलं. सोमलिंग म्हणाला की झकास झालं. नवरीच्या बापानं स्वतः, डाव्या हातानं, पत्रिकेपासून नवरदेवापर्यंत सगळ्यांना कुंकू लावलं. थोडं वाकडंतिकडं लागत होतं, पण त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मिस्तरींनी लगामाची कडी करंगळीनं तपासून परत दिली. मग विचारलं, “माझं काय विचारलं का त्यानं?”

“न्हाय,” सोमलिंग म्हणाला.

“बराबर हाय,” मिस्तरी म्हणाले. बेंबळीला, मिस्तरींच्या घरी, पत्रिका गेली नव्हती. शरिफाबी महिनाभर वाट बघत होती, ते बघत नव्हते.

ते गेले. नव्या मिस्तरीनं माझ्यावरची मोहोर खरवडून काढली, आतला घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा खटका, काढून घेतला आणि मला या पेटीत ठेवलं. घोडा नसलेल्या पिस्तुलाला काय म्हणावं ते मला कळत नाही. वितळवायला कधी नेतील तेही ठाऊक नाही. नेलं तर माझी तक्रार नाही.

तुमच्यापुढं कधी एखादा नमुना आणून ठेवला, तो नीट चालला, सगळे खूश झाले, तर एवढं विचारा की याच्यावर कुणाचा हात फिरलाय, आणि बाकीच्यांवरही फिरलाय का. रेवणसिद्धाची माफी मागायची माझी लायकी नाही. पण माळावर त्या पहिल्या दिवशी मी चौदा वेळा अडलो, तेव्हा मी खरं सांगत होतो. त्यानंतर दोनशे वेळा मी खोटं बोललो, आणि मला शाबासकी मिळाली.